सरासरी घनता बरोबर, तरी गाभा भुसभुशीत: एमडीएफच्या हॉट प्रेसमध्ये दर पावसाळ्यात उलटणारा दोष

अठरा मिलिमीटरच्या साध्या एमडीएफवर (लाकडाचे तंतू रेझिन या चिकट द्रव्याने गरम दाबात जोडून केलेल्या बोर्डावर) राऊटरने, म्हणजे खाचा कोरणाऱ्या फिरत्या पात्याने, सहा मिलिमीटर खोल खाच काढली, तर खाचेच्या भिंती गुळगुळीत याव्यात आणि तळाशी तंतू उभे राहू नयेत, एवढीच शटर, म्हणजे कपाटांची दारे, बनवणाऱ्याची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका शटरवाल्याकडून आमचे बोर्ड परत आले, तेव्हा त्या खाचेच्या तळावरून बोट फिरवले तर मांजरीच्या पाठीवरून फिरवल्यासारखी लव हाताला लागत होती, आणि बोर्डाच्या कडेला, जाडीच्या बरोबर मध्यावर, अंगठ्याचे नख विनासायास रुतत होते. वरचा पृष्ठभाग मात्र इतका कडक होता की त्यावर नखाचा ओरखडाही उमटत नव्हता. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्या लॉटची घनता ७४२ किलो प्रति घनमीटर लिहिलेली होती. ठरवलेली घनता होती ७४०. म्हणजे कागदावर बोर्डात काहीही खोट नव्हती.

हीच तक्रार त्याआधीच्या दोन पावसाळ्यांतही आली होती आणि दोन्ही वेळा दिवाळीच्या सुमारास ती आपोआप थांबली होती. थांबली म्हणून कोणी खोलात गेले नाही. दोन्ही वेळा उपायही एकच झाला: मॅटमध्ये, म्हणजे दाबण्याआधीच्या तंतूंच्या सैल गादीत, तंतू वाढवून सरासरी घनता ७७० वर नेली. आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटरच्या बोर्डाचे वजन ७४० घनतेला सुमारे ३९.६ किलो भरते आणि ७७० ला ४१.२ किलो. दर बोर्डामागे दीड किलोहून अधिक तंतू आणि रेझिन जादा गेले, म्हणजे दिवसाला हजार बोर्ड काढणाऱ्या कारखान्यात रोजचा दीड टनाहून जास्त माल. एवढे करूनही खाच गुळगुळीत झाली नाही आणि ट्रक भरणाऱ्या पोरांची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

ही नोंद प्रामुख्याने मल्टी-डेलाइट, म्हणजे एकावर एक अनेक कप्पे असलेल्या प्रेसवर काम करणाऱ्यांसाठी आहे. सलग पट्ट्याच्या प्रेसलाही यातील बहुतेक गोष्टी लागू होतात, फक्त तिथे जे आपण सेकंदांत मोजतो ते प्रेसच्या लांबीत मोजावे लागते.

आधी थराथराने वजन करा

प्रयोगशाळेत रोज काढली जाते ती पूर्ण जाडीच्या तुकड्याची घनता असते. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन कापायचा, व्हर्नियरने मापे घ्यायची, वजन करायचे आणि भागाकार करायचा. एमडीएफसाठीच्या आयएस १२४०६ या भारतीय मानकाप्रमाणे बोर्ड तपासताना ही घनता लागतेच, आणि मॅट बनवणाऱ्या फॉर्मिंग विभागाने वजन बरोबर टाकले की नाही हे तिच्यावरून कळते. पण प्रेसने काय केले, हे तिच्यावरून कळत नाही. हॉट प्रेसमधून निघालेल्या फायबरबोर्डची घनता जाडीभर सारखी नसते. दोन्ही पृष्ठभागांजवळ ती शिखरासारखी चढते आणि मध्यात खाली बसते, त्यामुळे तिचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा दिसतो. दोन बोर्डांची सरासरी अगदी सारखी असली, तरी एकाची शिखरे उंच आणि दरी खोल, तर दुसऱ्याची शिखरे बेताची आणि दरी उथळ असू शकते.

हा आलेख क्ष-किरणांनी काढून देणारे यंत्र मिळते, पण ते महाग आहे आणि लहान कारखान्यांत बहुधा नसते. त्यावाचून अडत नाही. तोच ५० चा चौकोन घ्यावा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलावा, सपाट बैठकीवर चिकटवलेल्या जाड सँडपेपरवर घासून एका बाजूचे दोन मिलिमीटर काढावेत, चारही कोपऱ्यांत आणि मध्यात जाडी मोजावी, धूळ ब्रशने नीट झटकून पुन्हा तोलावे. जेवढे वजन कमी झाले ते त्या दोन मिलिमीटरच्या थराचे वजन. असे दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर काढले की मध्ये दहा मिलिमीटरचा गाभा उरतो. एका तुकड्याला पाऊण तास लागतो आणि घासताना तुकडा तिरका झाला तर सगळा हिशेब चुकतो, म्हणून हे काम घाईच्या माणसाला देऊ नये. नमुना बोर्डाच्या मध्यभागातून घ्यावा, कडेचा नको. कडांमधून वाफ निसटत असल्यामुळे तिथले तापमान आणि घनता दोन्ही उरलेल्या बोर्डासारखी नसतात.

परत आलेल्या बोर्डाचा एक तुकडा मी असा घासला. पूर्ण वजन ३३.४ ग्रॅम होते. वरचा आणि खालचा दोन मिलिमीटरचा थर प्रत्येकी ४.९ ग्रॅम भरला, म्हणजे घनता ९८०. त्याखालचे दोन-दोन मिलिमीटर प्रत्येकी ४.० ग्रॅम, म्हणजे ८००. उरलेला गाभा १५.६ ग्रॅम, म्हणजे ६२४. मग फेब्रुवारीत काढलेला, कोणतीही तक्रार नसलेला एक जपून ठेवलेला तुकडा त्याच पद्धतीने घासला. त्याचेही वजन ३३.४ ग्रॅमच होते. पण बाहेरचे थर ४.६, त्याखालचे ३.८ आणि गाभा १६.६ ग्रॅम, म्हणजे ६६४ घनता. सगळा वाद या एका ग्रॅमचा होता. राऊटरचे पाते सहा मिलिमीटर खोल गेले की ते या गाभ्यातच शिरते, आणि तिथले तंतू एकमेकांना घट्ट धरून नसले तर ते कापले न जाता उपटले जातात.

सरासरी ७७० वर नेऊन आम्ही काय साधले, तेही या आकड्यांवरून दिसते. तंतू वाढवल्यावर घनता सगळ्या जाडीत साधारण त्याच प्रमाणात वाढते, म्हणून ६२४ चा गाभा फार तर ६४८ वर जातो. जास्तीचे दीड किलो घालूनही तो फेब्रुवारीच्या बोर्डापेक्षा कमीच राहतो. राऊटरखाली जाणाऱ्या बोर्डासाठी गाभ्याची घनता सरासरीच्या ८८ टक्क्यांखाली येऊ देऊ नये, असा माझा स्वतःचा आडाखा आहे. फेब्रुवारीचा तुकडा ८९ टक्क्यांवर होता आणि परत आलेला ८४ वर.

पहिल्या मिनिटात काय घडते

फॉर्मिंगमधून येणारी मॅट कापसासारखी असते. १८ मिलिमीटरच्या बोर्डासाठी ती अर्ध्या मीटरच्या आसपास उंच असते. प्रीप्रेस तिच्यातील हवा काढून उंची बरीच कमी करतो. मग ती थंड मॅट थर्मिक तेलाने तापवलेल्या, १८० अंश सेल्सिअसच्या वर असलेल्या प्लॅटनांमध्ये, म्हणजे प्रेसच्या सपाट पाट्यांमध्ये, जाते. तंतू आणि हवा ही दोन्ही उष्णतेची वाईट वाहक असल्यामुळे केवळ वहनाने आत उष्णता पोहोचायची वाट पाहिली, तर एक बोर्ड निघायला फार वेळ लागेल. खरे वाहन वाफेचे असते. पृष्ठभागाजवळचा ओलावा क्षणात वाफ होतो, ती वाफ दाबाने आत, थंड गाभ्याकडे जाते, तिथल्या थंड तंतूंवर तिचे पुन्हा पाणी होते आणि तिच्यातील सुप्त उष्णता ती तंतूंना देते. म्हणून मॅटच्या मध्यात बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घातले तर आधी बराच वेळ आकडा हलत नाही, मग तो एकदम चढू लागतो आणि शंभरी ओलांडली की पुन्हा संथ होतो.

लाकडाचा तंतू गरम आणि ओला झाला की मऊ पडतो; कोरडा आणि थंड असताना तो ताठ असतो. ही गोष्ट फायबरबोर्डच्या धंद्यात अगदी पहिल्या दिवसापासून आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ मध्ये हार्डबोर्ड बनवला, तो म्हणे जेवायला जाताना वाफेच्या गळक्या झडपेमुळे प्रेस गरमच राहिल्यामुळे. दाबात आणि उष्णतेत अडकलेला ओला लगदा परत येईतो कडक फळी होऊन बसला होता. आपल्या एमडीएफमध्ये रेझिन असते आणि तंतू बराच सुका असतो, पण मऊ पडण्याचा नियम तोच आहे.

आता प्रेस बंद होत असतानाचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. प्लॅटनला टेकलेले थर गरम आणि ओले, म्हणून मऊ आहेत. गाभा अजून खोलीच्या तापमानाला, म्हणून ताठ आहे. दाब सगळ्या थरांवर सारखाच आहे, पण मऊ थर चेपतो आणि ताठ थर स्प्रिंगसारखा उलटा रेटा देतो. त्याच वेळी प्रेस ठरलेल्या जाडीला पोहोचला, तर बोर्डाच्या वाट्याचे सगळे चेपणे बाहेरच्या थरांनी करून टाकलेले असते. पुढे गाभा गरम होऊन मऊ पडतो खरा, पण तोवर अंतर स्थिर झालेले असते आणि बाहेरच्या थरांतील रेझिन पक्के होऊ लागलेले असते. त्याला चेपण्यासारखे काही उरत नाही. थोडक्यात, जलद बंद केलेला आणि ओल्या पृष्ठभागाचा बोर्ड बाहेरून लोखंड आणि आतून पाव होतो. हळू बंद केला तर उष्णतेला गाभ्यापर्यंत जायला वेळ मिळतो आणि चेपणे जास्त समान वाटले जाते, मात्र त्याचा वेगळा दंड पृष्ठभागाला भरावा लागतो; त्याकडे पुढे येतो.

पावसाळा नेमके काय बदलतो

मॅटमधील ओलावा एक टक्क्याने वाढणे म्हणजे काय, हे एकदा किलोमध्ये मांडून पाहावे. ४० किलोच्या बोर्डात सुकी वस्तू साधारण साडेसदतीस किलो असते, म्हणून एक टक्का म्हणजे पावणेचारशे ग्रॅम पाणी. त्याची वातावरणाच्या दाबाला वाफ केली तर ती सहाशे लिटरहून अधिक जागा मागते, आणि ही जागा तिला दोन बंद प्लॅटनांमध्ये शोधायची असते. म्हणून ओलाव्याचा एक टक्का इकडे-तिकडे झाला तर चालते, असे म्हणणाऱ्याशी माझे पटत नाही.

आमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या अखत्यारीत होत्या, त्यामुळे कोणालाच पूर्ण चित्र दिसत नव्हते.

पहिली गोष्ट तंतू सुकवणाऱ्या ड्रायरच्या तोंडाशी असलेल्या ओलावामापकाची. पडद्यावर १० टक्के दिसत होते. मी तंतूची मूठभर पिशवी भरून १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवली, तर उत्तर साडेबारा आले. मापक प्रकाशाच्या परावर्तनावर चालणारा होता आणि त्याच्या काचेवर बारीक तंतूंची ओलसर साय चढली होती. काच पुसल्यावर आकडा साडेअकरावर आला, आणि ओव्हनच्या आकड्यांशी जुळवून घेतल्यावर उरलेला फरकही गेला. तेव्हापासून आम्ही दर पाळीत एकदा ओव्हनचा नमुना काढतो, पावसाळ्यात दोनदा.

दुसरी गोष्ट पृष्ठभागावरच्या पाण्याच्या फवाऱ्याची. मॅट प्रेसमध्ये जाण्याआधी तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की उष्णता लवकर आत जाते आणि पृष्ठभाग घट्ट येतो. उन्हाळ्यात, तंतू कोरडा असताना, हा उपाय उत्तम आहे. एप्रिलमध्ये उघडलेले नोझल जुलैतही तसेच चालू होते. ओल्या मॅटच्या वर आणखी पाणी पडत होते, आणि तेही नेमके त्या थरात जो आधीच सगळ्यात आधी मऊ पडणार होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा सापडली. प्रेसच्या जुन्या पाककृती, म्हणजे वेळ-दाबाच्या नोंदी, चाळताना दिसले की बोर्डाला वरचा प्लॅटन टेकल्यापासून ठरलेली जाडी गाठेपर्यंतचा वेळ दोन वर्षांपूर्वी ५५ सेकंद होता आणि आता ३५ होता. प्रेसवरच्या काकांना विचारले, तर त्यांनी सरळ सांगितले, “साहेब, उन्हाळ्यात वरची सालपटं निघत होती म्हणून तेव्हाच्या साहेबांनी जोरात बंद करायला सांगितलं. सालपटं थांबली. मग परत कोणी काही सांगितलं नाही.” म्हणजे उन्हाळ्यातली पृष्ठभागाची तक्रार मिटवण्यासाठी प्रेस जलद केला होता आणि त्यामुळे पावसाळ्यात गाभ्याची तक्रार उभी राहिली होती; आखूड पांघरूण डोक्यावर ओढले की पाय उघडे पडतात, तसा प्रकार चालला होता.

यात पावसाळ्याचा आणखी एक फेरा मिसळतो. ओली मॅट जास्त वाफ करते, म्हणून प्रेस उघडताना बोर्ड फुगतात. गाभा १२० अंशांवर असेल तर तिथल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त असतो, म्हणजे दर चौरस मीटरवर दहा टन बोर्डाला आतून फाडायला बसलेले असतात. दोन बोर्ड ‘धप्प’ आवाज करून फुटले की रात्रपाळीचा माणूस प्लॅटनचे तापमान पाच-दहा अंशांनी उतरवतो. त्याच्या जागी कोणीही तेच करील. पण तापमान उतरले की गाभ्याला उष्णता आणखी उशिरा पोहोचते, बंद होण्याचा वेळ तोच राहतो, आणि आधीच सैल असलेला गाभा अर्धवट पिकतो. त्यातच पावसात भिजलेली साल आणि भुसा जाळणारा हीटर तेलाचे तापमान टिकवू शकत नाही. पडद्यावर दिसते ते हीटरमधून निघणाऱ्या तेलाचे तापमान असते, प्लॅटनच्या पृष्ठभागाचे नव्हे. तिथे हातातील स्पर्श-थर्मोकपल लावूनच पाहावे लागते, आणि तेल आत येते ती बाजू व बाहेर जाते ती बाजू, दोन्ही पाहाव्या लागतात.

सैल गाभा की कच्चा गाभा

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा फरक करून घ्यावा, कारण लक्षण एकच दिसते आणि उपाय उलट असू शकतात. कमी चेपला गेलेला गाभा आणि रेझिन न पिकलेला गाभा, दोन्ही नखाला भुसभुशीत लागतात आणि थर तोलल्यावर दोन्ही हलके भरतात. कच्च्या गाभ्याचा बोर्ड मात्र प्रेस उघडल्यावर वाढतो. प्रेसच्या स्टॉपरची (बोर्डाची जाडी ठरवणाऱ्या लोखंडी पट्टीची) जाडी आणि बाहेर आलेल्या गरम बोर्डाची मध्यातील जाडी यांत नेहमीपेक्षा जास्त फरक दिसला, अंतर्गत बंधाच्या चाचणीत (दोन्ही पृष्ठभाग विरुद्ध दिशांना ओढून तोडण्याच्या) तुकडा अगदी मधोमध सुटून आला आणि सुटलेल्या तोंडाला डोळे चुरचुरतील असा फॉर्मल्डिहाइडचा वास आला, तर तो कच्चा आहे असे समजावे. तिथे प्रेसचा वेळ, प्लॅटनचे तापमान आणि हार्डनर (रेझिन पिकवणारे रसायन) तपासायचे. जाडी वाढली नसेल आणि तरी गाभा हलका असेल, तर तो बंद होण्याच्या वेळापत्रकाचा दोष आहे. आमच्या परत आलेल्या लॉटमध्ये मुख्य दोष वेळापत्रकाचा होता, आणि रात्रपाळीच्या काही बोर्डांत कच्चा गाभाही मिसळलेला होता.

वेळापत्रक कसे बदलले

प्रेस नुसता पुन्हा ५५ सेकंदांवर नेला असता तर उन्हाळ्यात सालपटे परत आली असती. म्हणून बंद होणे दोन टप्प्यांत वाटले. पहिल्या टप्प्यात पूर्ण दाबाने, म्हणजे ३२ ते ३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने, मॅट २२ मिलिमीटरपर्यंत १५ सेकंदांत आणायची. यात पृष्ठभाग मऊ असतानाच चेपला जातो आणि त्यातील रेझिन पिकण्याआधी तो घट्ट होतो. मग दाब उतरवून २२ वरून १९.२ मिलिमीटर, म्हणजे सँडिंगपूर्वीच्या जाडीपर्यंत, सुमारे ४० सेकंदांत हळूहळू यायचे. या ४० सेकंदांत वाफेची लाट आत पोहोचू लागते आणि गाभ्याचे थर मऊ पडता पडता चेपले जातात. पुढे जाडी धरून ठेवायची आणि शेवटी वाफ निघून जायला प्रेस टप्प्याटप्प्याने सैल करायचा. आमच्या प्रेसवर प्लॅटनची जागा दाखवणारे मापक असल्यामुळे हे करता आले. ज्यांच्याकडे फक्त लोखंडी स्टॉपर आहेत त्यांना तेच दाबाच्या पायऱ्यांनी साधावे लागेल. ते कमी अचूक होते, पण होते.

हे आकडे आमच्या मॅटचे, आमच्या प्रेसचे आणि निलगिरी-सुबाभळीच्या आमच्या मिश्रणाचे आहेत, ते जसेच्या तसे उचलू नयेत. आपले आकडे शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे मॅटच्या मध्यात थर्मोकपलची बारीक तार घालून एक बोर्ड दाबणे आणि गाभा ताठपणा सोडू लागतो ते तापमान, म्हणजे साठ-सत्तर अंश, किती सेकंदांनी येते ते पाहणे. दुसरा टप्पा त्याआधी संपत असेल तर प्रेस अजूनही घाई करत आहे. एका बोर्डाचा बळी जातो आणि तार कापून टाकावी लागते, एवढाच खर्च.

बदल एका वेळी एकच केला. पहिल्या दिवशी फक्त फवारा बंद केला आणि ओलावा ओव्हनच्या मापाने १० वर आणला. गाभा ६४० च्या आसपास आला. दुसऱ्या दिवशी दोन टप्प्यांचे वेळापत्रक लावले; गाभा ६६० च्या पुढे गेला, सरासरी ७४० च राहिली. त्यानंतर प्लॅटनचे तापमान पुन्हा मूळ जागी नेले आणि बोर्ड फुगले नाहीत, कारण फुगवणारे पाणीच मॅटमध्ये उरले नव्हते. त्याच शटरवाल्याकडे नवे दहा बोर्ड पाठवले आणि त्याच्या मशीनवर उभा राहून खाच काढून घेतली. तळाला अजूनही किंचित लव होती, पण एका हाताने सँडपेपर फिरवल्यावर ती गेली आणि प्रायमरखाली दिसली नाही.

उलट बाजूचा दोष

हळू बंद करण्याचा दंड म्हणतात तो असा. मॅट गरम प्लॅटनला टेकून राहिली, पण पुरेशी चेपली गेली नाही, तर पृष्ठभागावरचे रेझिन सैल अवस्थेतच पिकते. नंतर दाब आला की ते जोड तुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत. बाहेरचा अर्धा-एक मिलिमीटर थर मऊ आणि खडूसारखा राहतो, घनतेचे शिखर पृष्ठभागावर न बसता आत सरकते. सँडिंगमध्ये हा थर पूर्ण निघाला तर दोष दिसत नाही. थोडा जरी उरला तर लॅमिनेट त्याला घेऊन उचकटते आणि रंग ठिकठिकाणी शोषला जातो.

मल्टी-डेलाइट प्रेसमध्ये हा दोष खालच्या बाजूला जास्त सापडतो. मॅट आत शिरताच ती खालच्या गरम प्लॅटनवर बसते, पण वरचा प्लॅटन तिला टेकायला आणखी काही सेकंद जातात. सगळे कप्पे एकाच वेळी बंद होण्याची यंत्रणा ढिली झाली असेल तर काही कप्प्यांत हा वेळ आणखी वाढतो. खालचे शिखर आत सरकलेले आणि वरचे पृष्ठभागावर, असा एकतर्फी बोर्ड गोदामात आठवडाभरात बाक धरतो. बोर्ड वाकण्याची तक्रार आली की आधी कप्प्यांचे क्रमांक बोर्डांवर खडूने लिहून प्रत्येकातला एक तुकडा दोन्ही बाजूंनी तोलावा. आमच्याकडे एकदा सगळे वाकडे बोर्ड एकाच कप्प्याचे निघाले होते.

रेझिनबद्दल थोडेच. कमी उत्सर्जनाच्या ई-वन दर्जासाठी युरियाच्या मानाने फॉर्मल्डिहाइड कमी ठेवलेले रेझिन जुन्या रेझिनपेक्षा सावकाश पिकते, त्यामुळे पुरवठादाराने रेझिन बदलले की उकळत्या पाण्यात ते जेल होण्याचा, म्हणजे घट्ट होण्याचा, वेळ काढून वेळापत्रक पुन्हा तपासावे. रेझिन ड्रायरच्या आधी, ब्लोलाइनमध्ये (तंतू ड्रायरकडे नेणाऱ्या नळीत) घातले जात असेल, तर ओलाव्याच्या भीतीने ड्रायर फार तापवणे महागात पडते. तिथेच अर्धे पिकलेले रेझिन प्रेसमध्ये काय चिकटवणार? वॅक्सचा मात्र या दोषाशी संबंध मला कधी दिसला नाही, जरी बैठकीत त्याचे नाव दर वेळी निघते.

तयार झालेल्या मालाचे काय

गाभा हलका निघालेला लॉट पुन्हा दाबून घट्ट होत नाही. रेझिन एकदा पिकले की संपले. तो राऊटरच्या कामाला, मेम्ब्रेन (पातळ फिल्म चढवलेल्या) शटरला किंवा कडेत हिंज आणि स्क्रू बसवण्याच्या कामाला देऊ नये. दोन्ही बाजूंना लॅमिनेट चढणारे टेबलटॉप, कपाटांच्या पाठी, भिंतीला लागणारे पॅनल, अशा ठिकाणी तो व्यवस्थित चालतो, कारण तिथे भार घेतो तो पृष्ठभागाचा थर, आणि तो या बोर्डांत नेहमीपेक्षा कडकच असतो. ग्राहकाला तसे स्पष्ट सांगून आणि दर कमी करून द्यावा. सुताराला कडेत स्क्रू मारणे टाळताच येत नसेल, तर आधी भोक पाडून, सरळ दांड्याचा स्क्रू वापरून, कोपऱ्यापासून निदान तीन इंच आत मारायला सांगावे. आमचे ऐंशी बोर्ड असेच एका पार्टिशनवाल्याकडे गेले, आणि त्याने पुढच्या महिन्यात तसलेच बोर्ड स्वस्तात पुन्हा मिळतील का, म्हणून फोन केला.